‘फक्त’ सेवा बंद पडली!

संगणकीय हल्ल्यानंतर निघणाऱ्या पत्रकांत एक वाक्य जणू छापूनच ठेवलेले असते: माहितीची चोरी झालेली नाही, फक्त सेवा काही काळ विस्कळीत झाली. बँकेच्या खातेदाराला हे वाचून हायसे वाटते, आणि त्यात काही चूक नाही. पण हेच पत्रक पोलाद कारखान्याच्या फाटकावर चिकटवले तर त्याचा अर्थ पार फिरतो. तेथे चोरण्याजोगी माहिती थोडी असते. थांबू नये असे मात्र जवळजवळ सगळेच असते. ज्या जागी ‘बंद पडणे’ हाच अपघात आहे त्या जागी ‘फक्त’ हा शब्द निव्वळ अज्ञानातून येतो. आणि हे अज्ञान केवळ पत्रके लिहिणाऱ्यांचे नाही. सायबर सुरक्षा शिकवणाऱ्या वर्गांत, खरेदीच्या फायलींत आणि दोषांची तीव्रता मोजणाऱ्या आकड्यांत ते मुरलेले आहे.

भिलाईचेच उदाहरण घ्यावे. मुंबई–हावडा मार्गावर नागपूर, गोंदिया, डोंगरगड, राजनांदगाव आणि दुर्ग मागे टाकले की हे गाव येते. गाडी ज्या रुळांवरून तेथे पोहोचते त्यांतले पुष्कळसे त्याच गावात घडलेले असतात. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि विदर्भातून नोकरीसाठी गेलेली कितीतरी मराठी कुटुंबे आज तेथे तिसऱ्या पिढीत आहेत. कारखान्याची आठवी झोतभट्टी, ‘महामाया’, फेब्रुवारी २०१८ मध्ये पेटली. तिचे आकारमान ४,०६० घनमीटर आहे आणि दिवसाला सुमारे ८,००० टन वितळलेले लोखंड देण्यासाठी ती बांधली आहे.

झोतभट्टी ही चुलीसारखी हवी तेव्हा पेटवून हवी तेव्हा विझवायची वस्तू नव्हे. एकदा पेटली की ती वर्षानुवर्षे अखंड चालते. खालून हजार अंशांपेक्षा अधिक तापलेल्या हवेचा झोत, वरून खनिज, कोक आणि चुनखडी, तळाशी सुमारे १,५०० अंश सेल्सियसचा लोहरस, आणि भोवतीच्या कवचातून सतत वाहणारे थंड पाणी या चौघांचा मेळ क्षणोक्षणी राखावा लागतो. झोत अचानक थांबला तर मळी उलट्या दिशेने झोतनळ्यांत शिरू शकते. पाणी थांबले तर तांब्याचे भाग वितळतात, आणि पाणी भट्टीत शिरले तर स्फोटाची वेळ येते. भट्टी फार काळ थंड राहिली तर आतले लोखंड थिजून बसते आणि ते फोडून काढण्यात आठवडे जातात.

बंद पडण्याची किंमत भिलाईने मोजलेली आहे. १२ जून २०१४ रोजी तेथील एका पंपगृहात बिघाड झाला, पाण्याचा दाब पडला, आणि ज्या पाण्याने झोतभट्टीचा वायू अडवून धरला होता तो कार्बन मोनॉक्साइडसह बाहेर आला. सहा जण गेले. त्यांत दोन उपमहाव्यवस्थापक होते. या दुर्घटनेत संगणकाचा, जाळ्याचा किंवा हल्लेखोराचा काडीइतकाही संबंध नव्हता, हे स्पष्ट नोंदवले पाहिजे. तरीही सायबर सुरक्षेच्या प्रत्येक विद्यार्थ्याने ती अभ्यासावी. त्या दिवशी काहीही चोरीला गेले नव्हते. एक सेवा, पाण्याचा दाब, काही काळ उपलब्ध नव्हती, इतकेच.

आता त्या पंपांना, झडपांना आणि पंख्यांना आज्ञा कोण देते ते पाहू. आधुनिक पोलाद कारखान्यात हे काम नियंत्रक संगणक करतात, आणि नियंत्रक व यंत्रे यांच्यामधला संवाद इथरनेटच्या तारांतून, नेटवर्क स्विचमधून जातो. स्विच म्हणजे टपाल कार्यालयातली वर्गवारीची फळी. आलेल्या प्रत्येक पॅकेटवरचा पत्ता वाचायचा आणि ते नेमक्या दारातून बाहेर काढायचे. हे काम एक खास चिप अफाट वेगाने करते. पण प्रत्येक व्यवस्थापनक्षम स्विचमध्ये दुसराही एक भाग असतो: एक लहानसा, गरीब बिचारा प्रोसेसर. जाळ्याची रचना ओळखणे, तारांचे वर्तुळ तयार झाले तर ते तोडणे, शेजारच्या उपकरणांना नाव-पत्ता विचारणे, अभियंत्याला सेटिंगचे पान दाखवणे ही सगळी कारकुनी त्याच्याकडे असते. सेवा ठप्प पाडणारे दोष बहुधा याच कारकुनीत सापडतात. पॅकेटमध्ये लांबीचा आकडा एक आणि प्रत्यक्ष मजकूर भलताच. तो वाचणाऱ्या प्रोग्रामने शहानिशा केलेली नाही. स्मृतीचा तोल जातो, प्रोसेसर कोलमडतो, स्विच पुन्हा सुरू होतो किंवा तसाच मुका बसतो. ‘डिनायल ऑफ सर्व्हिस’ म्हटले की लाखो संगणकांनी एखाद्या संकेतस्थळावर लोंढा सोडल्याचे चित्र विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे येते. स्विचच्या बाबतीत लोंढ्याची गरजच नसते. एक वाकडे पॅकेट पुरते.

मे २०१७ मध्ये सीमेन्स कंपनीने जाहीर केलेला सीव्हीई-२०१७-२६८० हा दोष याचा नमुना आहे. कारखान्यांत प्रोफिनेट नावाची संवादपद्धती सर्रास वापरली जाते. तीत जोडलेल्या उपकरणांना ओळखण्यासाठी आणि नावे देण्यासाठी एक छोटा शिष्टाचार आहे, डीसीपी. त्याचे मुद्दाम बिघडवलेले एक प्रसारण-पॅकेट त्याच जाळ्यावर सोडले की बाधित उपकरणे बंद पडत, आणि ती पूर्ववत करण्यासाठी माणसाला हात लावावा लागे. बाधितांच्या यादीत नियंत्रक होते, ड्राइव्ह होते आणि औद्योगिक स्विचही होते. या दोषाला तीव्रतेचे गुण मिळाले १० पैकी ६.५, आणि श्रेणी मिळाली ‘मध्यम’.

हे ६.५ कोठून आले? सीव्हीएसएस नावाच्या सूत्रातून. २००५ पासून जगभर हे सूत्र रूढ आहे. हल्ला शेजारच्या जाळ्यातूनच शक्य आहे, म्हणून गुण कमी. गोपनीयतेला धक्का नाही, शून्य. अखंडतेला धक्का नाही, शून्य. उपलब्धता पूर्ण गेली, त्याचे गुण. बेरीज ६.५. सूत्राला न्याय द्यायचा तर हेही सांगितले पाहिजे की ते पक्षपाती नाही. गोपनीयता, अखंडता आणि उपलब्धता या तिघींना ते समान वजन देते. पण हा आकडा जागेची ओळख न ठेवता काढलेला असतो. स्विच ग्रंथालयात आहे की झोतभट्टीच्या पाणीपुरवठ्यावर, हे त्याला ठाऊक नसते. सूत्र तयार करणाऱ्यांना ही उणीव माहीत होती, म्हणून त्यांनी वापरणाऱ्याने भरायची काही घरे रिकामी ठेवली आहेत. त्यांपैकी ‘या जागी उपलब्धतेची गरज किती’ या एकाच घरात ‘उच्च’ असे भरले, बाकी काहीही बदलले नाही, तर तोच दोष ६.५ वरून ८.३ वर जातो. श्रेणी ‘मध्यम’ची ‘उच्च’ होते. कोणीही विद्यार्थी कागद-पेन्सिल घेऊन हे पडताळू शकतो. मग ‘सातच्या वरचे दोष आधी, बाकीचे सवडीने’ असा नियम करणारा सुरक्षा विभाग नेमके काय करतो? दुसऱ्याने, दुसऱ्या जागेसाठी काढलेला आकडा उचलतो आणि आपल्या भट्टीला लावतो. रिकामे घर रिकामेच राहते. याला जोखमीचे मूल्यमापन म्हणणे हा शब्दांचा दुरुपयोग आहे.

यावर ठरलेले उत्तर असते की कारखान्यात प्रत्येक गोष्ट दुहेरी असते. स्विच कड्यासारखे जोडलेले असतात. एक गेला तर संवाद साधारण २०० मिलिसेकंदांच्या आत दुसऱ्या बाजूने वळतो. हे खरे आहे, आणि एखादा स्विच उष्णतेने, धुळीने किंवा वयोमानाने गेला तर ही योजना उत्तम चालते. पण दुहेरी व्यवस्थेचे सारे गणित एका गृहीतकावर उभे आहे: दोन्ही एकाच वेळी, एकाच कारणाने जाणार नाहीत. एकाच कंपनीचे, एकाच आवृत्तीचे सॉफ्टवेअर असलेले वीस स्विच कड्यात बसवले आणि प्रसारण-पॅकेट त्या सगळ्यांपर्यंत पोहोचले, तर ते वीस नव्हेत. दोषाच्या दृष्टीने तो एकच स्विच आहे, वीस ठिकाणी ठेवलेला. नियंत्रक तर अपेक्षित संदेशाची काही सलग चक्रेच वाट पाहतो; ती चुकली की यंत्र ‘सुरक्षित’ ठरवलेल्या अवस्थेत नेतो. रोलिंग मिलमध्ये सुरक्षित अवस्था म्हणजे थांबणे असू शकते. थंड पाण्याच्या पंपासाठी थांबणे ही सुरक्षित अवस्था आहे काय, हा प्रश्न स्विच विकणाऱ्याला विचारून उपयोग नाही. तो भट्टीवाल्यांनीच सोडवायचा असतो, आणि तो सुटला आहे की नाही हे कागदावर असायला हवे.

हल्लेखोर नसतानाही जाळे गुदमरते, याचा पुरावा अणुऊर्जा क्षेत्रातला आहे. १९ ऑगस्ट २००६ रोजी अमेरिकेतील अलाबामा राज्यातल्या ब्राउन्स फेरी केंद्राच्या तिसऱ्या अणुभट्टीत पाणी फिरवणारे दोन्ही पंप अचानक थांबले आणि चालकांना अणुभट्टी हाताने बंद करावी लागली. चौकशीत दिसले ते असे: जाळ्यावर अवाजवी रहदारी झाली आणि पंपांचा वेग राखणारे नियंत्रक त्याखाली निपचित पडले. कोणी घुसले नव्हते, कोणी काही चोरले नव्हते. तेथील अणुऊर्जा नियामकाने २००७ मध्ये ही हकीकत साऱ्या केंद्रांना सूचनापत्राने कळवली आणि ते पत्र जाहीर केले. आज भिलाईत बसलेला विद्यार्थीही ते वाचू शकतो. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

जेथे हल्लेखोर होते तेथले चित्र आणखी बोलके आहे. जर्मनीच्या माहिती-सुरक्षा कार्यालयाने २०१४ च्या अहवालात एका पोलाद कारखान्याची कथा नाव न घेता दिली आहे. फसव्या ईमेलमधून कार्यालयीन जाळ्यात, तेथून उत्पादनाच्या जाळ्यात. नियंत्रणाचे घटक वारंवार निकामी होऊ लागले आणि झोतभट्टी नीट बंद करता आली नाही. नुकसान प्रचंड झाले. जून २०२२ मध्ये इराणच्या खुझेस्तान पोलाद कंपनीला सायबर हल्ल्यानंतर काम थांबवावे लागले. आणि डिसेंबर २०१६ मध्ये कीव्हची वीज घालवणाऱ्या इंडस्ट्रॉयर या घातक प्रणालीत एक लहानसा भाग होता: वीजवाहिन्यांचे रक्षण करणाऱ्या रिलेला अठरा बाइटचे एक पॅकेट पाठवायचे, की तो हाताने पुन्हा सुरू करेपर्यंत निष्क्रिय. हल्लेखोरांच्या स्वतःच्या चुकीमुळे तो भाग यशस्वी झाला नाही, असे नंतरच्या विश्लेषणात दिसले. हेतू मात्र लपत नाही. तो दोषही ‘केवळ’ सेवा ठप्प पाडणारा होता, आणि त्यावरची दुरुस्ती २०१५ च्या जुलैमध्येच उपलब्ध झाली होती. ज्यांना वीज पाडायची होती त्यांनी या दोषाला मध्यम मानले नाही.

‘आमचे जाळे बाहेरच्या जगाशी जोडलेलेच नाही’ हे उत्तर या देशात मंत्रासारखे म्हटले जाते. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये कुडनकुलम केंद्राबाबत बातम्या आल्या तेव्हा पहिल्या दिवशी हाच मंत्र ऐकू आला. दुसऱ्या दिवशी अणुऊर्जा महामंडळाने प्रशासकीय जाळ्याशी जोडलेल्या एका संगणकात घातक प्रणाली सापडल्याचे मान्य केले. नियंत्रणाची जाळी वेगळी होती, आणि ती तशी होती हे चांगलेच आहे. पण वेगळेपण ही एकदा बांधून विसरायची भिंत नसते. नतान्झच्या सेंट्रिफ्यूजपर्यंत स्टक्सनेट पोहोचला तो वेगळेपणाच्या नाकावर टिच्चून. शिवाय ज्या दोषांची येथे चर्चा आहे ते बहुतेक ‘शेजारच्या जाळ्यातून’ चालणारे आहेत. म्हणजे भिंतीच्या आत आलेला एक लॅपटॉप पुरतो. मोठ्या कारखान्यात देखभालीसाठी ठेकेदार येतात, त्यांचे तंत्रज्ञ येतात, त्यांच्या पिशवीत लॅपटॉप असतो आणि पॅनेलमधल्या स्विचला रिकामे पोर्ट असते. शेजारीपणाची अट ज्या सूत्रात गुण कमी करते, ती अट कारखान्याच्या आवारात रोज सकाळी पहिल्या पाळीलाच पूर्ण होते.

एक आक्षेप मात्र खरोखर वजनदार आहे. चालत्या कारखान्यात दुरुस्ती बसवणे हाच धोका असतो. स्विचचे सॉफ्टवेअर बदलायचे तर तो बंद करून चालू करावा लागतो. नवी आवृत्ती जुन्या नियंत्रकाशी पटेलच याची खात्री नसते. भट्टी तर थांबतच नाही. नियंत्रण विभागातला अनुभवी अभियंता दुरुस्तीला नकार देतो तेव्हा तो आळशी नसतो, जबाबदार असतो. शहरातल्या सुरक्षा-सल्लागारांनी त्याला दटावण्याआधी एक रात्र भट्टीच्या नियंत्रण कक्षात काढावी. परंतु या आक्षेपातून ‘म्हणून काहीच करू नये’ असा निष्कर्ष निघत नाही. मोठ्या दुरुस्त्यांसाठी कारखान्याचे विभाग ठरवून बंद केले जातात. विटा, रोलर आणि बेअरिंग त्या काळात बदलतात, तर स्विचचे सॉफ्टवेअर त्याच यादीत का नसावे? तोवर न लागणाऱ्या सेवा बंद ठेवता येतात, रिकामी पोर्ट कुलूपबंद करता येतात, प्रसारण-पॅकेटांवर मर्यादा घालता येते, एका विभागाचे जाळे दुसऱ्यापासून तोडून ठेवता येते. कड्यातले सगळे स्विच एकाच आवृत्तीचे असू नयेत असेही ठरवता येते, जरी भांडारपालाला ते आवडणार नाही. यांतल्या बहुतेक गोष्टींना पैसा फारसा लागत नाही. कोणीतरी त्या आपले काम मानाव्या लागतात.

पैशाचा प्रश्न येतो तो खरेदीत, आणि तेथे लबाडी नव्हे तर सवय आड येते. सर्वात कमी दराची निविदा स्वीकारण्याच्या पद्धतीत जे मोजले जाते तेच मिळते. पोर्ट किती, वेग किती, किती तापमानात चालतो हे मोजता येते. सुरक्षा-दुरुस्त्या किती वर्षे मिळतील, दोष सापडल्यास किती दिवसांत कळवणार, वाकड्या पॅकेटांचा मारा करून कोणत्या प्रयोगशाळेने तपासले, हे निविदेत विचारलेच नाही तर ज्याने त्यावर खर्च केला तो विक्रेता दरात हरतो. एप्रिल २०१८ मध्ये सिस्कोच्या स्मार्ट इन्स्टॉल या सोयीतल्या दोषाचा वापर करून इराण आणि रशियातील हजारो स्विचांची सेटिंग पुसली गेली. दोष जाहीर होऊन आणि दुरुस्ती मिळून तेव्हा दोन आठवडेही झाले नव्हते, आणि ती सोय बहुतेक ठिकाणी कोणाला नकोच होती. कारखान्यातून आली तशी चालू राहिली होती, इतकेच. खरेदीच्या अटींत ‘न मागितलेली सेवा बंद असावी’ ही एक ओळ असती तर?

आता ब्राउन्स फेरीच्या सूचनापत्राकडे परत यावे. भारतात सर्ट-इन २००४ पासून आहे, महत्त्वाच्या पायाभूत यंत्रणांसाठी स्वतंत्र राष्ट्रीय केंद्र २०१४ पासून आहे, आणि २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना सहा तासांत कळवणे बंधनकारक आहे. कळवायच्या घटनांच्या यादीत सेवा ठप्प पाडणारे हल्ले आहेत, औद्योगिक नियंत्रणावरचे हल्लेही आहेत. कळवण्याची सोय झाली. शिकण्याची झाली नाही. रेल्वे अपघाताची चौकशी रेल्वे सुरक्षा आयुक्त करतो आणि रेल्वे त्याच्या अधीन नसते. कारखान्याचे जाळे कोलमडले तर त्याचे कारण, क्रम आणि धडा दुसऱ्या कारखान्यापर्यंत पोहोचवणारे असे जाहीर पत्र कोण काढते? १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. मार्च २०२१ मध्ये तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी राज्याच्या सायबर विभागाच्या अहवालावरून घातपाताची शक्यता मांडली. केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी मानवी चूक म्हटले. चर्चा परदेश की परमेश्वर याच वळणावर राहिली. कोणत्या कड्यातून बिघाड पसरला आणि तो पसरू नये म्हणून काय बदलले, हा अभियांत्रिकीचा प्रश्न दोन मंत्र्यांच्या मधून निसटून गेला. गुप्ततेचे कारण पुढे केले जाते. कोणत्या पॅनेलमध्ये कोणता स्विच आहे हे गुप्तच राहावे. पण बिघाडाचे कारण लपवल्याने हल्लेखोराचे अज्ञान टिकत नाही, शेजारच्या कारखान्याचे टिकते.

विद्यार्थ्यांच्या वाट्याला या सगळ्यात काय येते, तर ‘गोपनीयता, अखंडता, उपलब्धता’ असा क्रम, आणि परीक्षेत तिसऱ्या शब्दाला दोन ओळी. औद्योगिक नियंत्रणात हा क्रम उलट वाचतात, हे बहुतेकांना नोकरी लागल्यावर कळते. भिलाईत २०१६ पासून आयआयटी आहे. तिचा कुटेलाभाठा येथील कायमचा परिसर २० फेब्रुवारी २०२४ रोजी राष्ट्राला अर्पण झाला, आणि तीच पोलादाची नगरी तिच्या शेजारी आहे. निवृत्त केलेले औद्योगिक स्विच एका टेबलावर मांडून, कड्यात जोडून, त्यांवर वाकडी पॅकेट सोडून कोण किती वेळात उठतो ते मोजणे हा पदवीच्या शेवटच्या वर्षाचा उत्तम प्रकल्प आहे. असे काम टेबलावरच करावे. चालत्या यंत्रणेला परवानगीशिवाय हात लावणे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४३ आणि ६६ या कलमांखाली येऊ शकते, आणि संरक्षित यंत्रणा असेल तर कलम ७० खाली दहा वर्षांपर्यंतची शिक्षा आहे. प्रामाणिकपणे दोष शोधून कळवणाऱ्याला या कलमांतून निःसंदिग्ध संरक्षण मिळावे, ही मागणी म्हणूनच संशोधकांच्या सोयीपुरती नाही. सर्ट-इन २०२१ पासून दोषांना स्वतः सीव्हीई क्रमांक देऊ शकते. क्रमांक देणारी संस्था आहे. निर्धास्तपणे दोष आणून देणारे हात हवेत.

दरम्यान उत्पादकांच्या सूचनापत्रांत दर काही महिन्यांनी भर पडत असते. त्यांत बाधित उत्पादनांचा तक्ता असतो, आणि जुन्या उत्पादनांपुढच्या रकान्यात पुष्कळदा एवढेच लिहिलेले असते: दुरुस्तीचे नियोजन नाही. पोलाद कारखान्यात पॅनेलमध्ये बसवलेला स्विच पंधरा-वीस वर्षे तेथेच असतो. तो रकाना भिलाईत, राउरकेल्यात, बोकारोत कोण वाचतो, आणि वाचल्यावर कोणाच्या टेबलावर नेऊन ठेवतो, याचे उत्तर पोलाद मंत्रालयाने द्यावे.